वाकळीतले बालपण
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा पाठ)



माणूस बालपणीच्या तिथी आणि प्रसंग विसरतो. स्पर्श मात्र विसरत नाही. जुन्या गोधडीवरून हात फिरताच आजीचे लुगडे, त्याचा काठ आणि तिच्या कुशीतील ऊब एका क्षणात परत येते. मराठवाड्यात जिला वाकळ म्हणतात, ती बाजारात मिळत नसे. आत आजोबांचे विरलेले धोतर, वर आईच्या इरकली लुगड्याचे तुकडे, कडेला खणाची पट्टी आणि या साऱ्यांना धरून ठेवणारा हाताचा धावदोरा. दुकानातील नवे ठाण कितीही मोलाचे असले, तरी ते अजून कोणाचेच नसते. वाकळ मात्र कोणाची तरी असते.

पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) यांनी हे मर्म ओळखले होते. त्यांचा व्यवसाय चष्म्यांचा. 'अज्ञातवासी' या नावाने ते कविताही लिहीत. त्यांचा मुलगा राजा बालवयातच निवर्तला. केळकरांनी गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, दौती, वज्री, स्वयंपाकाची भांडी, बाहुल्या अशा वीस हजारांच्या आसपास वस्तू जमविल्या आणि तो संग्रह राज्य शासनाच्या स्वाधीन केला. 'राजा दिनकर केळकर संग्रहालय' या नावात पुत्र पुढे आणि पिता मागे आहे. ज्या बालकाचे बालपण अपुरे राहिले, त्याच्या नावाच्या वास्तूत इतरांना आपले हरवलेले बालपण भेटते.

परंतु वस्तू सदैव वाट पाहत नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंप झाला. हजारो माणसे गेली. त्यांच्यासमवेत पाळणे, पेट्या, वाकळीही दगडमातीखाली गाडल्या गेल्या. पुढे नवी गावे वसली, पक्की घरे उभी राहिली. आजीच्या हातचा टाका मात्र कोणालाही परत देता आला नाही. जेथे धरणी हलली नाही, तेथे हेच काम दिवाळीची साफसफाई आणि भंगाराची गाडी सावकाश करीत असते.

अपरिग्रहाची शिकवण लाभलेल्या समाजाने जुन्या वस्तूंचा मोह धरावा काय, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. साठविणे हा परिग्रह. त्यामागचे हात स्मरणे ही कृतज्ञता. केळकरांनीही आयुष्यभर जमविलेले अखेरीस समाजालाच देऊन टाकले.

म्हणून या सुवर्णमहोत्सवी वर्षात ईटमधील प्रत्येक घराने एवढेच करावे. घरातील वडीलधाऱ्यांजवळ बसून पेटीतील एकच वस्तू बाहेर काढावी. ती कोणी केली, कोणासाठी केली, त्या वेळी घरात काय चालले होते, हे विचारावे आणि चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी त्या वस्तूला टाचून ठेवावी. नातवंडांनीच ती लिहावी. वस्तू उरली आणि सांगणारे गेले, तर वाकळीचे नुसते जुने कापड होते. सांगणारे आज आहेत, तोवरच हे काम होणे आहे.

जय जिनेंद्र!