प्रौढपणी चेलो
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



चाळिशी उलटल्यावर मी चेलो हाती घेतला. हे वाद्य व्हायोलिनच्याच कुळातले, पण आकाराने मोठे; खुर्चीवर बसून गुडघ्यांमध्ये धरून वाजवायचे. तारा चार, प्रत्येक तार आधीच्या तारेच्या पंचमात लावलेली. सतारीसारखे पडदे नाहीत. म्हणून स्वराची जागा कानानेच शोधावी लागते.

असे वाद्य शिकवणारे गावोगावी कुठून मिळणार? शिवाय घरखर्चातून आपल्या हौसेची फी काढताना बायकांचा हात अडखळतो. इंटरनेटवरच्या विनामूल्य धड्यांनी ही अडचण पुष्कळ दूर केली आहे. स्वयंपाक आटोपल्यावर धडा लावावा; गज कसा धरायचा हे दहादा पाहिले तरी शिक्षक कंटाळत नाहीत. तानपुराही तिथे फुकट मिळतो. तो लावून सूर पारखावा. बाखच्या सहा चेलो-रचनांची स्वरलिपी आयएमएसएलपी ह्या २००६ साली सुरू झालेल्या संग्रहातून कोणालाही घेता येते. ह्याच रचनांची प्रत पाब्लो कासाल्स यांना १८९० साली, वयाच्या १३व्या वर्षी, बार्सेलोनातल्या एका दुकानात सापडली. जाहीरपणे वाजवण्याआधी त्यांनी १२ वर्षे अभ्यास केला. मग आपल्याला कसली घाई?

मात्र ध्वनिचित्रातल्या गुरूला आपला आखडलेला खांदा दिसत नाही. म्हणून अधूनमधून जाणत्यांना दाखवावे आणि मैत्रिणींपुढे निःसंकोच वाजवावे.

भगिनींनो, दिवसातली वीस मिनिटे तरी आपली स्वतःची असावीत, एवढ्यासाठी शिका. वाद्य कोणतेही चालेल.