दुधाचा दात पडणारच, म्हणून?

(भाईंदर पूर्व येथे पालकांसमोर केलेल्या भाषणाचा संक्षिप्त पाठ)



मी दंतवैद्य नव्हे, पत्रकार आहे. तरीही मुलांच्या दातांविषयी बोलावयास उभा आहे, कारण या बाबतीत माझ्या हातून चूक घडली आहे. माझी कन्या सहा वर्षांची असताना तिची मागची दुधाची दाढ किडली. ‘पडणारच आहे, काढून टाका,’ असा आग्रह मीच धरला. ती दाढ दहा-बारा वर्षांपर्यंत टिकावयाची असते आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताची जागा राखते, हे मला ठाऊक नव्हते. तिच्यामागे नुकतीच उगवलेली पक्की दाढ पुढे सरकली. नव्या दाताला जागाच उरली नाही, तो आडवाटेने आला. पुढे चौदाव्या वर्षी तारा बसवल्या, त्या दोन वर्षे राहिल्या. दाढ काढली तेव्हाच जागा राखणारी तारेची लहानशी कडी बसवून घेतली असती, तर बहुधा हे टळले असते.

काही मुलांचा वरचा पुढचा दात खालच्या दातांच्या आत अडकतो. एकच दात तसा असेल, पुढे यावयास जागा असेल आणि तो नुकता उगवत असेल, तर दंतवैद्य कधी कधी आइस्क्रीमच्या काडीसारखी चपटी पट्टी चावण्याचा व्यायाम देतात. खर्च जवळजवळ शून्य! मात्र वैद्याने पाहिल्यावाचून हा प्रयोग घरी करू नये.

उलट, आठव्या-नवव्या वर्षी वरच्या पुढच्या दातांत फट दिसली की आपण घाबरतो. पक्के सुळे आले की ती पुष्कळदा आपोआप मिटते. तेथे घाई नको.

शिकवणीसाठी पहिलीपासून पैसे बाजूला काढणारे आपण, सातव्या वर्षी मुलाचे दात एकदा दाखवून आणत नाही. मुंबई सेंट्रलजवळ नायर दंत महाविद्यालय आहे, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे. दोन्हीकडे बालदंत विभाग आहेत, खर्चही खासगी दवाखान्यापेक्षा पुष्कळ कमी. रांग लागते, एक रजा जाते, हे मान्य. भाईंदरहून रोज लोकलने जाणाऱ्याला रजेचे मोल मी काय सांगावे!

चार वर्षांनंतरही मूल अंगठा चोखत असेल, तर धाक दाखवू नका, बोटाला कारल्याचा रसही लावू नका, वैद्याला विचारा. मूल तोंड उघडे ठेवून झोपत असेल, तर आधी नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. आज रात्री मुले झोपली की तेवढे पाहून घ्या.