पत्रा कापणारा लेसर, पेशी वळवणारा लेसर

मी कुपवाडहून बोलतोय. आमच्या एमआयडीसीत लेसर म्हटलं की पत्रा कापणारं मशीन. पण हाच प्रकाश जिवंत पेशीला धरतो, वळवतोसुद्धा!

आर्थर अ‍ॅश्किन यांनी १९८७ मध्ये इन्फ्रारेड लेसरनं जिवंत जीवाणू पकडले. नोबेल मिळालं २०१८ मध्ये, वयाच्या ९६व्या वर्षी. आपल्या मुंबईत टीआयएफआरमध्ये रूप मल्लिक यांच्या गटानं याच 'प्रकाशाच्या चिमट्या'नं पेशीतलं सामान ओढणाऱ्या प्रथिनांचा जोर मोजला. आणि २००२ मध्ये संशोधकांनी बशीत वाढणाऱ्या चेतापेशीच्या टोकावर, एका बाजूला लेसर धरला. टोक प्रकाशाकडे वळलं!

हे मी का सांगतोय? पत्र्यानं पप्पांच्या बोटातली चेता कापली गेली. जखम भरली, पण गरम कप धरला तरी त्या बोटाला कळत नाही. तुटलेली चेता दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर वाढते, तीही वाट सापडली तर.

पप्पांनी विचारलं, "त्या लेसरनं जमंल का रे?"

म्हटलं, "अजून नाही पप्पा. ते अजून बशीतच आहे."

खोटी आशा कशाला द्यायची? पण वाट दाखवता येते, एवढं तर कळलंय.

भेटू पुढच्या भागात. आणि हो, पत्रा हाताळताना हातमोजे घाला!