मास्तर होणे ही माघार नव्हे



विज्ञान शिक्षकांचे हे संमेलन इटियाडोहला घ्यायचे ठरले तेव्हा काहींनी नाक मुरडले. गोंदियात सभागृहे असताना एवढ्या आडबाजूला कशाला? मला जागा पटली, कारण माझे विज्ञान इथल्याच धरणाच्या पाळीवर सुरू झाले.

गाढवी नदीवरचे हे मातीचे धरण १९७० मध्ये पूर्ण झाले. आमची पिढी त्याच्या नहरात डुंबत वाढली. पाळीवर उभे राहिले की एकीकडे डोंगरांना टेकलेले पाणी आणि दुसरीकडे खोलवर धानाच्या बांध्या. एवढे पाणी रेटत असताना मातीची पाळ सरकत काहून नाही, असे मी शाळेत गुरुजींना विचारले. त्यांनी उत्तर सांगितले नाही. तेलाचा रिकामा डबा मागवला, खिळ्याने वर, मध्ये आणि तळाशी भोके पाडली व पाणी भरले. तळाची धार सर्वांत जोरात आली. मग एका मोठ्या पिंपाला तळाशी तसेच भोक पाडून त्यात डब्याइतक्याच उंचीपर्यंत पाणी भरले. पाणी कितीतरी जास्त, पण धार तेवढीच! पाण्याचा दाब खोलीवर ठरतो, त्याच्या पसाऱ्यावर नाही. म्हणून पाळ तळाशी रुंद आणि माथ्याला अरुंद. डोंगरापर्यंतचे पाणी त्या दिवसापासून मला भिववेनासे झाले.

पुढे कळले की आपल्या भागातल्या कोहळी समाजाने हे सूत्राविना शतकांपूर्वीच हेरले होते. नवेगाव बांधचा तलाव कोलू पाटील कोहळींनी बांधला असे परंपरा सांगते. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्या पाळीला जागा नाही, हे मला खटकते.

बी.एस्सी. करून मी बी.एड.ला गेलो तेव्हा नातलग हळहळले. ‘शास्त्रज्ञ होईल वाटलं होतं, शेवटी मास्तर झाला!’ तुमच्यापैकी अनेकांनी हेच ऐकले असेल. या हळहळीमागे एक समज आहे : विज्ञान शिकवणे म्हणजे विज्ञानातून घेतलेली माघार. हा समज मला साफ अमान्य आहे.

शंकर बाळकृष्ण दीक्षितांकडे पाहा. १८५३ मध्ये कोकणातल्या मुरूडला जन्मलेला हा माणूस नोकरीने शाळामास्तर. लहानपणापासून आकाशाचे वेड, आणि ते वेड त्यांनी नोकरीत विझू दिले नाही. गुप्त राजांच्या कोरीव लेखांवर इंग्रज अभ्यासक फ्लीट काम करत होते, तेव्हा त्यांतल्या तिथींची गणिते दीक्षितांनी करून दिली. १८९६ मध्ये त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ आला; त्याच वर्षी सेवेल यांच्याबरोबर भारतीय पंचांगावरचे इंग्रजी पुस्तकही निघाले. दोनच वर्षांनी ते गेले. त्यांचे शिकवणे आणि त्यांचे संशोधन यांत कुठे भिंत होती, हे कोणी मला दाखवावे.

आता आपल्याकडे वळतो. आपल्या किती शाळांत प्रयोगवही फळ्यावरून उतरवली जाते? परीक्षानळ्या फुटतील या धास्तीने कपाटाला कुलूप असते आणि तपासणीच्या दिवशीच ते उघडते. साधने नाहीत, ही तक्रार काही अंशी खरी आहे. मुख्याध्यापकांकडे आणि जिल्हा परिषदेकडे ती नेटाने मांडलीच पाहिजे. पण डबा आणि खिळा मंजुरीसाठी थांबत नाहीत. रोवणीच्या दिवसांत प्रत्येक बांधी ही प्रयोगशाळा असते. महाराष्ट्रात सारस पक्षी प्रामुख्याने आपल्याच गोंदिया जिल्ह्यात उरला आहे, तो धानातच घरटे करतो, आणि आपण नववीच्या मुलांना परिसंस्था शिकवताना चित्रातला गवताळ प्रदेश दाखवतो!

मुलांनी झाडीबोलीत विचारलेला प्रश्न आधी प्रमाण मराठीत दुरुस्त करण्याची घाईही सोडू या. व्याकरण पुढच्या तासालाही शिकवता येते. प्रश्न मात्र तेवढा वेळ टिकत नाही.

माझी विनंती एवढीच : येत्या सत्रात प्रत्येकाने आपल्या गावच्या तलावावर, नहरावर किंवा शेतात मुलांकडून एक प्रयोग करून घ्यावा, फसला तरी जसा झाला तसा लिहून काढावा आणि दिवाळीपूर्वी संयोजकांकडे पाठवावा. आलेल्या सगळ्या टिपणांची पुस्तिका पुढच्या संमेलनात वाटू.