आरसा हसत नाही, वर्ग हसतो

(वसतिगृहात नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांसमोर केलेलं भाषण)



चारचौघांत उभं राहून बोलायची भीती, हा आजचा विषय. यावर बाजारात पुस्तकं भरपूर आहेत. आरशासमोर सराव करा, आत्मविश्वास बाळगा, असं ती सांगतात. पण आपल्यातल्या अनेकांची भीती आरशासमोर जात नाही. कारण आरसा हसत नाही, वर्ग हसतो.

मी जालना जिल्ह्यातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला आले. घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. पहिल्या सेमिनारला माझा विषय होता मराठवाड्यातली पाणीटंचाई. मी ‘पानी’ म्हणाले आणि मागच्या बाकांवर हसू फुटलं. सरांनी थांबवलं ते मला, हसणाऱ्यांना नाही. टँकरच्या रांगेत उभी राहिलेली त्या वर्गात मी एकटीच होते. तरी पुढे वर्षभर गप्प बसले तीही मीच.

ही भीती म्हणजे आपल्या स्वभावातला दोष नाही. ‘न’ आणि ‘ण’ वरून माणसाचं गाव, घर आणि जात हुडकायची आपल्या समाजाला सवय आहे. तोंड उघडलं की आपण ओळखले जाऊ, याची ती भीती असते. ज्यांच्या घरातली बोलीच ‘प्रमाण’ म्हणून पुस्तकात छापली जाते, त्यांच्या वाट्याला ती येत नाही.

मग करायचं काय? मला जे उपयोगी पडलं ते सांगते.

सुरुवात भाषणाने नको, प्रश्नाने करा. वहीत दोन ओळींचा प्रश्न लिहा आणि तास संपायच्या आत विचारा. आठवड्याला एक पुरे.

दुसरं, रात्री जेवणानंतर खोलीत चौघं जमा. प्रत्येकाने पाच मिनिटं आपापल्या बोलीत बोलायचं. उच्चार तपासायचा नाही, मुद्दा तपासायचा. प्रमाण मराठी आणि इंग्रजीही शिकाच, मुलाखतीला लागतात. पण घरची बोली लपवण्यासाठी शिकू नका.

तिसरं, पहिली दोन वाक्यं पाठ ठेवा. बाकीचे मुद्दे जाड पुठ्ठ्यावर लिहा. हात थरथरला तरी पुठ्ठा कागदासारखा फडफडत नाही. कोणी हसलं तर क्षणभर थांबा आणि तेच वाक्य पूर्ण करा.

चौथं, लिहून काढा. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने परिषद रद्द केली आणि बाबासाहेबांचं भाषण झालंच नाही. पण ते लिहून तयार होतं. त्यांनी ते स्वतः छापलं. ‘जातिनिर्मूलन’ आज जगभर वाचलं जातं. पुढे १७ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेत त्यांना अनपेक्षितपणे बोलायला बोलावलं गेलं. इतक्यात आपली पाळी येईल असं वाटलं नव्हतं, हे त्यांनी सभागृहाला सांगितलंही. तरीही ते बोलले. त्या दिवसाची वेगळी तयारी नसेल, पण पाठीशी अनेक वर्षांचा अभ्यास होता. आत्मविश्वास आधी येत नाही, अभ्यासामागून येतो.

आता थोडं आपल्याच घरातलं. १४ एप्रिलला आपल्या मंचावर तरी कोण बोलतं? दरवर्षी तेच दोन-तीन जण. मुलींकडे रांगोळी आणि स्वागतगीत. १८५५ साली फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. तिचे वारस म्हणवणाऱ्यांनी माईक वाटून घ्यायला नको का?

बोलता न येण्याची किंमत मोठी असते. शिष्यवृत्ती अडकते तेव्हा खिडकीपाशी उभं राहून विचारावं लागतं. तोंडी परीक्षेत उत्तर येत असूनही गुण जातात. वसतिगृहातल्या जेवणाची तक्रार कोणीतरी उभं राहून मांडावीच लागते.

म्हणून सीनियर मंडळींना एक विनंती. या जयंतीला जो कधीच बोलला नाही त्याला, जी कधीच बोलली नाही तिला, आधी आभार मानायला उभं करा. दोन मिनिटंच. तो अडखळेल, ती अडखळेल. आपण शांत बसून ऐकायचं. हसायचं नाही. एवढं आपल्याला नक्की जमेल.

जय भीम.