हट्टी कुत्री आणि आपली सोसायटी

(रौप्यमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत केलेले भाषण)



व्याख्यानमालेत माझं नाव घातलं तेव्हा मी मुदत ठेवींवर बोलेन, असं अनेकांना वाटलं असेल. आयुष्य बँकेत गेलं, तेव्हा ते साहजिकच आहे. पण गेल्या पंचवीस वर्षांत आपल्या वार्षिक सभेत पाणी आणि पार्किंग यांच्या खालोखाल कशावर आवाज चढला असेल, तर तो कुत्र्यांवर. म्हणून आजचा विषय आहे शिकवायला अवघड असलेली कुत्री.

कॅनडातले स्टॅन्ली कोरेन हे मानसशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. त्यांचं 'द इंटेलिजन्स ऑफ डॉग्ज' हे पुस्तक १९९४ मध्ये आलं. अमेरिका आणि कॅनडातल्या सुमारे दोनशे परीक्षकांची मतं घेऊन त्यांनी कोणती जात किती आज्ञाधारक, याची क्रमवारी लावली. पहिला आला बॉर्डर कोली. पाच वेळा सांगायच्या आत तो नवी गोष्ट शिकतो. शेवटचा अफगाण हाउंड. तळाच्या त्या गटात बसेंजी, बुलडॉग आणि चाऊ चाऊ आहेत. तसेच आपल्या लिफ्टमध्ये रोज भेटणारे बीगल आणि शिह त्झूसुद्धा आहेत. या गटाला एक गोष्ट शिकवायला ऐंशी ते शंभर वेळा सांगावं लागतं. आणि शिकल्यावरही पहिल्या हाकेला चारातून एकदा ऐकलं तरी पुष्कळ!

मग ही कुत्री ढ का? मुळीच नाही. कोरेन स्वतःच सांगतात की आज्ञा पाळणं हा बुद्धीचा एक भाग झाला, उपजत गुण वेगळे. कुत्र्याच्या पूर्वजांनी कोणती नोकरी केली ते बघा, म्हणजे उलगडा होतो. बॉर्डर कोलीची नोकरी मेंढपाळाच्या शिट्टीकडे कान लावून मेंढरं वळवण्याची. सतत साहेबाकडे बघायचं. बीगलची नोकरी सशाचा वास घेत पुढे धावण्याची. मालक मागून येणार. नाक जमिनीला लागलं की त्याला तुमची हाक ऐकू येत नाही म्हणा ना. पण हेच नाक अमेरिकेच्या कृषी खात्याने १९८४ पासून विमानतळांवर कामाला लावलं. प्रवाशांच्या सामानात लपवलेली फळं आणि मांस बीगल हुडकून काढतात. आवडीचं काम आणि वर खाऊ मिळाला, की हा हट्टी प्राणी सरकारी नोकरीसुद्धा इमानेइतबारे करतो.

हस्की कोरेन यांच्या यादीत मधोमध आहे, पण स्वतंत्र वृत्तीचा. सायबेरियातल्या चुक्ची लोकांनी तो गाडी ओढायला तयार केला. १९२५ च्या हिवाळ्यात अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली. तेव्हा कुत्र्यांच्या वीस तुकड्यांनी आळीपाळीने सुमारे १०८५ किलोमीटर अंतर तोडून साडेपाच दिवसांत औषध पोचवलं. शेवटी शेवटी हिमवादळात गाडीवानाला पुढचं काही दिसत नव्हतं, वाट पुढच्या कुत्र्याने धरून ठेवली. त्याने प्रत्येक पावलाला हुकमाची वाट पाहिली असती, तर काय झालं असतं?

लांब कशाला जा, आपल्या लातूर-सोलापूरकडची कारवानी कुत्री बघा. त्या भागात माझी बदली झाली होती तेव्हा जवळून पाहिलीत. बारीक अंग, लांब पाय. ससा दिसला की सुटलाच! शिकारीला आता कायद्याने बंदी आहे, पण रक्तातला वेग कुठे जाणार? घरच्या माणसांना जीव लावील, पण ऊठ म्हटलं की ऊठ, बस म्हटलं की बस, हे त्याच्याकडून कठीण.

आता आपल्याकडे या. काही वर्षांपूर्वी आपल्याकडे एका घरी हस्कीचं पिल्लू आलं. निळे डोळे, सगळी मुलं खूश. वर्षभरात दिवसभर एकट्या कोंडलेल्या त्या जनावराने सोफा फाडला, रात्री लांडग्यासारखं हेल काढू लागलं, तक्रारअर्ज आले. शेवटी ते कुणाला तरी देऊन टाकलं. त्या घरची धाकटी मुलगी कितीतरी दिवस बागेत खेळायला उतरली नाही. दोष कुत्र्याचा नव्हता. दाट दुहेरी केसांचा, मैलोन्‌मैल पळणारा प्राणी आपल्या उकाड्यात दोन खोल्यांत काय करणार?

बँकेत कर्जदाराची माहिती आम्ही कर्ज देण्यापूर्वी काढत असू, नंतर नव्हे. तसंच इथे. पिल्लू आणण्याआधी तीन प्रश्न विचारा. याचे पूर्वज काय काम करत होते? त्याला रोज तासभर कोण फिरवणार, पावसाळा धरून? आणि दिवसा घरी कोण असतं?

आणि आणलंच असेल, तर चार गोष्टी पाळा. माणसांची, लिफ्टची, फटाक्यांची ओळख तीन ते चौदा आठवड्यांच्या वयात जितकी होते, तितकी पुढे होत नाही. शिकवणी पाच-दहा मिनिटांचीच ठेवा, पण रोज. मारू नका, हट्टी कुत्रं माराने शिकत नाही, भितं आणि भ्यालेलं कुत्रं चावतं. आणि घरात शब्द एकच ठेवा. आजोबा म्हणतात 'बस', नातू म्हणतो 'सिट', सूनबाई म्हणतात 'खाली बैस'. त्या बिचाऱ्याने ऐकायचं कुणाचं?

भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला कुत्री पाळण्यावर बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव करूनही नाही. तेव्हा भांडून उपयोग नाही. पाळणाऱ्यांनी पट्टा सोडू नये, घाण उचलावी. बीगलवाल्यांनी तर गेट उघडं असताना पट्टा हातातून सोडूच नये. न पाळणाऱ्यांनी आपल्या मुलांना न विचारता कुत्र्याच्या अंगाला हात लावू देऊ नये. दोन्ही बाजूंनी एवढं झालं तर पुढच्या वार्षिक सभेत पाणी आणि पार्किंगला तरी पुरेसा वेळ मिळेल.