चित्रे न दाखवता मागितलेली देणगी
(सुवर्णमहोत्सवी सभेत निधिसंकलनाच्या ठरावावर केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाच्या वतीने आम्ही आज आपणांपुढे झोळी घेऊन उभे आहोत. उत्सवाच्या दिवशी गोड बोलावे असा आपल्याकडे रिवाज आहे. तो थोडासा मोडावा लागत आहे, त्याबद्दल क्षमा असावी. घरातच मारहाण व मानहानी सोसलेल्या भगिनींसाठी चित्रकलेचे आणि मातीकामाचे वर्ग चालवावेत आणि त्यासाठी निराळा निधी उभारावा, असा ठराव आपल्यापुढे आहे.

ठरावाची कुणकूण लागताच काही वडीलधाऱ्यांनी आम्हांस विचारले, "असले प्रकार आपल्यात कुठे आहेत?" 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तेलंगणातील 18 ते 49 वयाच्या, लग्न झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे 37 टक्के स्त्रियांनी पतीकडून कधी ना कधी हिंसा झाल्याचे सांगितले. महाराष्ट्रात हेच प्रमाण सुमारे 25 टक्के होते. म्हणजे आपण इकडचे मोजा की तिकडचे, या सभागृहातल्या रांगा त्यातून सुटत नाहीत.

कायदा आहे. 2005 साली संमत झालेला कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून अमलात आला. राहत्या घरातून स्त्रीला हुसकावता येऊ नये, अशी तरतूद त्यात आहे. 181 हा मदतीचा दूरध्वनी आहे. आपल्या हैदराबादेत पोलिसांचे 'भरोसा' केंद्र 2016 पासून चालू आहे. तेथे सल्ला, वैद्यकीय व कायद्याची मदत एका छताखाली मिळते. ही कामे आपली संस्था करू शकणार नाही, आणि करण्याचा आवही आणू नये. मग आपले काम कोणते?

या सर्व ठिकाणी त्या भगिनीला एकच गोष्ट पुनःपुन्हा करावी लागते, ती म्हणजे सांगणे. पोलिसांना सांगा, वकिलांना सांगा, डॉक्टरांना सांगा, माहेरच्यांना पटवून सांगा. सांगून सांगून जीभ थकते. काहींची तर वळतच नाही. चित्रांच्या वर्गात कोणी काही विचारत नाही. समोर कागद असतो, रंग असतात, मातीचा गोळा असतो. कोणता रंग घ्यावा हे तिने ठरवायचे. आपणांस ही बाब क्षुल्लक वाटेल. पण जिला भाजी कोणती करावी हेही वर्षानुवर्षे दुसऱ्याने ठरवून दिले, तिला ती क्षुल्लक वाटत नाही.

या पद्धतीस कलोपचार, किंवा रूढ शब्दांत आर्ट थेरपी, म्हणतात. एड्रियन हिल नावाचे एक इंग्रज चित्रकार 1938 साली क्षयाने आजारी पडून आरोग्यधामात होते. तेथे अंथरुणात पडल्या पडल्या चित्रे काढीत असता त्यांना स्वतःस आराम वाटू लागला. मग त्यांनी शेजारच्या रुग्णांच्या हाती पेन्सिली दिल्या. 1942 साली त्यांनीच या कामाला हे नाव दिले. आम्ही अतिशयोक्ती करणार नाही. ही जादू नव्हे. याविषयीचे शास्त्रीय अभ्यास अजून थोडे व लहान आहेत, आणि शिकलेल्या माणसाशिवाय हे वर्ग चालवू नयेत.

गेल्या वर्षी आपण एक लहानसा वर्ग घेऊन पाहिला. वर्ग चालवणाऱ्या बाईंनी आम्हांस एकच हकीकत सांगितली, तीही त्या भगिनीची संमती घेऊन आणि नाव न सांगता. ती भगिनी तीन आठवडे नुसते इतरांचे ब्रश धूत बसे. चौथ्या आठवड्यात तिने रांगोळी मागितली, फरशीवर काहीतरी काढले, थोडा वेळ पाहिले आणि स्वतःच्या तळहाताने पुसून टाकले. काय काढले, ते कोणी विचारले नाही. पाचव्या आठवड्यात ती अर्धा तास लवकर आली.

आता वादाच्या मुद्द्याकडे येतो. एका उदार हितचिंतकांनी मोठी रक्कम देऊ केली आहे. अट एवढीच, की या भगिनींच्या चित्रांचे प्रदर्शन महोत्सवात भरवावे, त्या स्वतः हजर असाव्यात आणि चित्रे विकून निधीत भर घालावी. हेतू चांगला आहे. तरीही मंडळाने नम्रपणे नकार दिला आहे, आणि त्या नकारावर सभेने शिक्कामोर्तब करावे अशी आमची विनंती आहे.

पार्वतीबाई आठवले यांचे उदाहरण आम्हांस या संदर्भात सुचविण्यात आले. अण्णासाहेब कर्व्यांनी 1896 साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. पार्वतीबाई त्यांच्या मेहुणी. विसाव्या वर्षी विधवा झाल्या, विशी उलटून गेल्यावर शिक्षणास लागल्या आणि पुढे आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत फिरल्या. 1918 साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्या अमेरिकेस गेल्या आणि तेथे लोकांच्या घरी कामे करून राहिल्या. स्वतःचे वैधव्य घेऊन त्या सभेपुढे उभ्या राहत, हे खरे. पण ते त्यांनी आपल्या इच्छेने केले; शिवाय त्यांना ओळखून काढून पुन्हा घरी ओढून नेणारा कोणी श्रोत्यांत बसलेला नव्हता. आपला समाज केवढा? काचिगुड्यात कोणी शिंकले तर बरकतपुऱ्यात कळते. ज्याच्या भीतीने एखादी घराबाहेर पडली, तो आपल्याच गणेशोत्सवात आरतीला उभा असेल. चित्राखाली नाव नसले तरी हात ओळखणारे असतात.

मोठी रक्कम गेली, ती आपणांस लहान रकमांनी भरून काढावी लागेल. हिंगण्याच्या संस्थेचे कार्यकर्ते दिवाळीत घरोघर भाऊबीज मागत, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. देणाऱ्याने ती कोणत्या मुलीसाठी, हे विचारले नाही. तीच रीत आम्ही उचलत आहोत. पैसा कशाला लागतो, तेही सांगून टाकतो. रंग-कागदाचा खर्च सर्वांत थोडा. खरा खर्च शिकलेल्या बाईंच्या मानधनाचा, येण्याजाण्याच्या रिक्षाभाड्याचा आणि लेकरांना सांभाळणाऱ्या मदतनिसाचा. कारण कडेवरचे मूल कोठे ठेवावे, या एका प्रश्नापायी गेल्या वर्षी दोघींचे येणे थांबले.

दोन हजारांवरील रोख देणगीस करसवलत मिळत नाही, तरी मोठी देणगी चेकनेच द्यावी. पावतीवर "महोत्सव निधी, वर्ग" एवढेच लिहिलेले असेल. वर्षाचा हिशेब तपासनिसांच्या सहीनिशी सभेपुढे ठेवू. त्यात वर्ग किती झाले ते असेल, कोण आले ते नसेल. ज्यांना पैसा देणे जमणार नाही, त्यांनी शनिवारी दुपारी दोन तास मुले सांभाळण्यासाठी आपले नाव चिटणिसांकडे द्यावे. जुन्या सुती चादरीही हव्या आहेत. मातीकामाच्या वेळी खाली अंथरण्यास त्या फार उपयोगी पडतात.